मारबतीच्या डोक्यावर आईची टोपी

भागरता ही पांगारटोल्याची गोंड बाई. तिच्यावर अन्याय झाला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या दिवशी, दुपारच्या चहाला, आमच्या मिशनच्या बंगल्याच्या व्हरांड्यात. ती स्वतः तिथं नव्हती. दोन कोसांवर धानाच्या बांधीत, दिवस भरत आलेलं पोट घेऊन ती वाकून निंदण काढत होती, आणि इकडं आपल्याबद्दल काही ठरतं आहे याची तिला गंधवार्ता नव्हती. अन्याय करणारे वेताच्या खुर्च्यांवर बसले होते. माझ्या बापानं भाजलेला केक त्यांच्या बशीत होता. त्याच बैठकीत माझी आई राहेल हिच्यावरही अन्याय झाला. पण आई म्हणायची, लिहिशील तेव्हा भागरताचं नाव आधी लिही, माझं मागून. म्हणून तसं लिहिलं आहे.

साल मुद्दाम सांगत नाही. गोरे साहेब गेले होते, गोऱ्या मिससाहेब अजून होत्या, आणि आमचा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात मोडत होता, एवढं पुरे. मी सतरा वर्षांची होते आणि माझं तोंड सत्तरीच्या बाईचं होतं. आता वय तोंडाच्याही पुढं निघून गेलं आहे. मुर्रीला भाच्याकडे राहते, दुपारी झोप येत नाही, म्हणून हे लिहून राहिले.

आमचं मिशन सालेकशाच्या अलीकडं, रुळांपासून हाकेच्या अंतरावर होतं. मालगाडी चढावर धापा टाकू लागली की दवाखान्याच्या बाटल्या कपाटात किणकिणायच्या. पहाटे घंटा व्हायची, ती प्रभूसाठी. त्याच्या आधी बकरी ओरडायची, ती आमच्यासाठी. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो, म्हणजे एक खोली, एक पडवी आणि भिंतीवर येशूचं एक चित्र, ज्यात तो आमच्या तहसीलदाराहून गोरा होता. बाबा, सामुएल त्यांचं नाव, बंगल्यावर खानसामा होते. दिवसभर ते साहेबलोकांसाठी अंडी फेटायचे, साखर जाळून पुडिंग करायचे, आणि घरी आले की म्हणायचे, "राहेल, लाखोळीचं बेसन कर ना वं, तोंड गोड गोड होऊन सडलं माझं." मग आई लाखोळीच्या पिठाचं तिखटजाळ बेसन करायची, सोबत गरम भात, आणि बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले, बोटभर मासे कोणी आणून दिले असले तर ते. बाबा बंगल्यात काटा-चमचा कुठं ठेवायचा ते पाठ म्हणून दाखवायचे आणि घरी पाच बोटांनी जेवायचे. दोन्ही कामं ते सारख्याच श्रद्धेनं करायचे.

आई मिशनची नर्स होती. बाळंतपणं हा तिचा मुख्य धंदा. तिचं नाव राहेल ठेवणाऱ्या पाद्र्यानं जरा पुढची पानं वाचायला हवी होती, कारण बायबलातली राहेल बाळंतपणातच मेली. आई म्हणायची, "म्हणून तर मला ठेवलं. तिनं जे अर्धं सोडलं ते मी पुरं करते." ती बुटकी होती, हात मात्र मोठे होते, पुरुषासारखे. डोक्यावर पांढरी टोपी. ती टोपी भाताच्या पेजेत बुडवून कडक करायची, मग दोरीवर वाळत घालायची, आणि पेजेच्या वासानं बकरी ती खायला धावायची. एका टोपीचा डावा कान बकरीनं पार चावून टाकला होता. ही टोपी पुढं लागणार आहे, लक्षात ठेवा.

दवाखान्यात नियम असा होता की आधी प्रवचन, मग दवा. पाद्रीसाहेब नागपूरकडचे होते. मिशनच्या ठाण्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता, बैलगाडीपासून मेणबत्त्यांपर्यंत. उंच, गोरटेले, आवाज घुमटासारखा. भल्या सकाळी हिवतापानं कुडकुडणारी माणसं व्हरांड्यात बसलेली असायची आणि साहेब त्यांना उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायचे. सगळे शेतकरीच, धान पिकवणारे. बापानं अर्धी जमीन धाकट्याला देऊन टाकली इथंच त्यांचा संताप व्हायचा, पुढची क्षमा त्यांच्या कानात शिरतच नसे. लोकांनी मात्र लवकरच एक शोध लावला. साहेब बोलता बोलता शेवटी "आमेन" म्हणतात आणि मग कंपाउंडर दार उघडतो. म्हणजे दार उघडतं ते आमेननं. झालं. साहेबांनी श्वास घ्यायला तोंड मिटलं की मागून कोणीतरी म्हातारा जोरात "आमेन!" म्हणायचा, मग सगळा व्हरांडा "आमेन!" करून उभा राहायचा आणि बाटल्या पुढं करायचा. साहेबांना वाटे, मुलूख जागा होऊ लागला. त्यांनी तसा अहवालही पाठवला असणार.

माझं शिक्षण पत्रकांवर झालं. लहानपणी मिशनच्या पत्रकांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडं होतं. निळा कागद, वर प्रश्न: "तू कुठं चाललास?" आत उत्तर: नरकात. मग गोंदियाच्या शाळेत, मुलींच्या होस्टेलात गेले, तिथं बिडी वळणाऱ्या बायांची पत्रकं हाती आली. लाल शाई, वर प्रश्न: "आपण कुठवर सोसणार?" मला दोन्ही सारखीच वाटली, फक्त दुसऱ्यात नरकाचा पत्ता जवळचा होता. ती मी होस्टेलात वाटली. होस्टेलनं मला सामानासह घरी पाठवलं. त्या पावसाळ्यात मी अशी घरी बसलेली, चिडलेली, जवळ कोरे कागद, आणि कोणावर तरी अन्याय व्हावा म्हणून डोळ्यांत तेल घालून वाट पाहत असलेली.

त्याच पावसाळ्यात पांगारटोल्याच्या वस्तीवर हैजा, म्हणजे कॉलरा, आला. मिससाहेब, आमच्या डॉक्टरीणबाई, उन्हाळ्यात पचमढीला गेलेल्या त्या पावसानं वाटेतच अडकल्या. पाद्रीसाहेबांनी ठाण्यात प्रार्थनेची वेळ वाढवली. आईनं मिशनची गाडी जुंपून घेतली आणि टोल्यावर जाऊन राहिली. पाणी उकळ, मीठ-गूळ घाल, चमच्या-चमच्यानं पाज, घाण पूर, हात धू. आणि विहिरीत लाल दवा टाक. तिथंच गाडी अडली. विहीर पोवार शेतकऱ्यांची. मिशनच्या बाईनं विहिरीत काही टाकायचं म्हणजे विहीर बाटली. माणसं काठ्या घेऊन उभी राहिली. तेव्हा फुलवंताबाई पुढं आली. ही तिथल्या एका खात्यापित्या पोवार घरातली बाई, नवऱ्यापेक्षा उंच, आणि आवाज असा की बोडीतली बदकं उडायची. तिनं आईच्या हातातली दवा स्वतः विहिरीत ओतली, स्वतः पाण्याचा गुंड, म्हणजे घडा, भरला, लाल पाणी सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "मेली तं मीच मेली ना? तुमचं का जाते? हटा." ती मेली नाही. पुढं बरीच माणसं मेली नाहीत. पण म्हणून टोला एका दिवसात पुण्यवान झाला असं समजू नका. हैजा गेल्यावरही आईला चहा मिळायचा तो तिच्या स्वतःच्या जर्मनच्या पेल्यात, वरून ओतून. पेला ती बॅगेत घेऊनच फिरायची. "कात्री विसरले तर चालेल, पेला नको विसरायला," असं म्हणून हसायची. मला ते हसू आवडत नसे.

आता मारबत. पोळ्याला आमच्याकडं दारात पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काढतात, सोबत बांबू-गवताची एक बाई बनवतात, तिला फाटकं लुगडं नेसवतात, गावभर फिरवून शिवेबाहेर नेऊन जाळतात, आणि सगळं गाव ओरडतं, "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" गावचा रोग, गावचे ढेकूण, गावची पीडा, सगळं तिच्या गळ्यात. पोळ्याच्या संध्याकाळी बैल ओवाळून झाल्यावर फुलवंताबाई आमच्या पडवीशी आली. पायरी चढली नाही. अंगणातूनच म्हणाली, "बाई, तुमची टोपी द्या."

"कशाला?" आईनं विचारलं.

"मारबतीले."

मी उठलेच. हाच तो अन्याय, ज्याची मी वाट पाहत होते. "तुम्ही आमच्या आईची मारबत करून जाळणार? हैजात तिनं तुमची घाण उपसली, तुम्ही तिला पेला वेगळा दिला, आणि आता गावाची पीडा म्हणून तिची होळी करणार? लाज नाही वाटत?"

फुलवंताबाई माझ्याकडं बैल पाहावा तशी पाहत राहिली. "काऊन वं पोरी, कायले चिल्लावून राहिली? दरसाल मारबत रोग घेऊन जाते म्हनतो आमी. जाते का? जात नाई. औंदा खरंच गेला. कोनं नेला? तुह्या मायनं नेला. तं मारबत कोनासारखी पायजे? तुह्या मायसारखीच ना."

"पण जाळता ना तिला!"

"जारतोच. नाई जारली तं रोग वापस नाई येनार का?"

आई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिलं, ते पिताना पुन्हा हसली. मग आत गेली, बकरीनं कान खाल्लेली टोपी घेऊन आली, सोबत एक जुनं एप्रन. "जाळायचीच आहे तर ही घ्या. नवी मिशनची आहे."

"हिचा कान कुठं गेला?" फुलवंताबाईनं टोपी उलटसुलट करून पाहिली.

"बकरीच्या पोटात."

"चालते. मारबतीले का ऐकू येते?"

ती गेल्यावर मी आईशी भांडले. विटंबना, गुलामी, परंपरेचं जोखड, होते नव्हते तेवढे शब्द वापरले. आई भांडी घासत होती. "एस्तेर," ती म्हणाली, "माझ्या लग्नात मला कोणी मिरवलं नव्हतं. तुझ्या बाबांनी मला बाप्तिस्म्याच्या टाकीपाशी पाहिलं, तिथंच ठरलं. एकदा वाजतगाजत जाऊ दे की." मी अंगणात जाऊन पत्रक लिहिलं. वर प्रश्न होताच: "मारबत कोण?" खाली दोन पानं उत्तर.

सकाळी आई खरंच गेली. मी मागोमाग, पत्रक हातात, चौकात वाचून दाखवायचं म्हणून. मारबत मात्र आईवरच बेतलेली होती. बुटकी, हात मोठे मोठे. एप्रन नीट बांधलेलं, टोपी तिरकी. आईनं पुढं होऊन ती सरळ केली आणि स्वतःच्या केसातली पिन काढून लावली. मग पोरं पळत सुटली, बाया ओरडत निघाल्या, "हैजा घेऊन जाय गे मारबत! हगवन घेऊन जाय गे मारबत!" आणि मधेच फुलवंताबाईचा तो आवाज, "घेऊन जाय गे राहेलबाई!" सगळ्यांनी तेच उचललं. आई चिखल टाळत मागून चालली होती, भागरता तिच्या शेजारी, एक हात कमरेवर. भागरताला फार बोलता यायचं नाही, म्हणजे मराठी. गोंडीत ती खूप बोलायची, आई तिला मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान जमायचं. शिवेवर पोचलो तर पळसाची पानं ओली, गवत ओलं. पेटेना. फुलवंताबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि माझा हात धरला. "कागद हाय ना वं तुह्यापाशी? दे." मी नाही म्हणायच्या आत दोन्ही पानं एप्रनच्या खिशात गेली आणि काडी लागली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या पत्रकांत तेवढ्या एकानंच नक्की काहीतरी पेटवलं. टोपी शेवटी पेटली. पेजेची होती, फुलवातीसारखी जळाली.

बातमी बंगल्यावर दुपारच्या चहाच्या आत पोचली. आमच्या मिशनमध्ये सुवार्ता सोडून बाकी सगळ्या वार्ता वेगानं पसरत. आईला बोलावणं आलं. मी मागच्या दाराशी, बाबा ट्रे घेऊन आत. मिससाहेब पचमढीहून नुकत्याच परतल्या होत्या, नाकाचं साल निघालेलं होतं.

"राहेल, तू मूर्तीच्या मिरवणुकीत चाललीस?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

"मागून चालले, साहेब. पुढं चिखल फार होता."

"तुझी टोपी तिच्या डोक्यावर होती?"

"होती. बकरीनं खाल्लेली."

"हा थट्टेचा विषय नाही."

"नाही, साहेब. मी बकरीलाही तेच सांगते."

बाबांनी केकचा आणखी एक तुकडा साहेबांच्या बशीत ठेवला. साहेबांनी निकाल सांगितला. रविवारी मंडळीसमोर उभं राहायचं, मूर्तिपूजेत भाग घेऊन मी पाप केलं असं म्हणायचं, क्षमा मागायची. तोवर गाडी बंद, बॅग जमा, दवाखान्यात पाऊल नाही. दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली मिससाहेबांच्या कमरेला असायची, ती साहेबांनी मागून घेतली.

आई म्हणाली, "उभी राहते. पण बॅग राहू द्या. पांगारटोल्याच्या भागरताचे दिवस भरलेत. मागचं मूल आडवं आलं होतं, मेलं, तीही जाता जाता राहिली. ह्या खेपेला रक्त फार जाईल असं मला वाटतं. रक्त थांबवायची सुई तेवढी माझ्याजवळ असू द्या. मग रविवारी म्हणाल तितका वेळ उभी राहते."

"आधी पश्चात्ताप," साहेब म्हणाले, "मग बॅग."

आईनं मिससाहेबांकडं पाहिलं. मिससाहेब चहात साखर घेत नसत, तरी चमचा ढवळत होत्या. त्या म्हणाल्या, "राहेल, फक्त बोलायचं आहे. इतकं कठीण नाही." त्या वाईट बाई नव्हत्या. हे वाक्य मी फार उशिरा लिहू शकले. पण त्या वेळी किल्ली साहेबांच्या खिशात गेली आणि त्यांनी ती जाऊ दिली. अन्याय झाला तो इथं. लोक मला विचारतात, तुझ्या आईला जाळलं तेव्हा काय वाटलं. अहो, जाळलं तेव्हा चांगलंच वाटलं. चहाला वाटलं नाही.

रविवारी देऊळ भरलं. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. पहिली घंटा झाली आणि मागच्या दारातून फुलवंताबाई आत आली, तिच्यामागं टोल्याच्या बाया, काखेत पोरं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. दवाखान्याचा व्हरांडा सोडून त्यांनी मिशनचं छप्पर कधी डोक्यावर घेतलं नव्हतं. शेवटच्या बाकांवर बसायचं की खाली, यावर त्यांचा थोडा वाद झाला, मग त्या खाली बसल्या. आई पुढं जाऊन उभी राहिली. साहेब म्हणाले, "बोल."

"मी टोपी दिली," आई म्हणाली. "जुनी होती. ती जाळून त्या बाया म्हणाल्या, राहेलबाई रोग घेऊन गेली. रोग मी नेला नाही, प्रभूनं नेला, हे मला ठाऊक आहे. त्यांना मी सांगितलं असतं, पण त्या फार ओरडत होत्या. मी त्यांच्यामागून चालले, कारण त्या माझं नाव घेत होत्या. मी पाप केलं असं मला वाटत नाही. खोटं बोलणं मात्र पाप आहे, ते मी इथं, ह्या जागी उभी राहून करणार नाही."

एवढं बोलून ती थांबली. साहेबांनी उत्तर द्यायला श्वास घेतला. तोंड मिटलेलं होतं. खाली बसलेल्या फुलवंताबाईला वाटलं, हीच ती वेळ.

"आमेन!" ती ओरडली.

"आमेन!" सगळ्या बाया ओरडल्या. आणि सवयीनं, बरीच वर्षं लागलेल्या सवयीनं, पुढच्या बाकांवरची आमची सगळी मंडळीही "आमेन" म्हणाली. म्हणून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय म्हणालो. तोवर बाया उठून दाराकडं निघाल्या होत्या, कारण आमेननंतर दार उघडतं. एका पोराला त्या आवाजानं रडू फुटलं. बाबा, जन्मात देवळात न हसलेले, रुमालात तोंड घालून खोकत होते.

असा दिवस क्वचितच मिळतो. मी अजून आठवून हसते. आणि हसून झालं की पुढचं आठवतं.

आईला काढून टाकलं. कारण दिलं, हृदयाचा कठोरपणा. क्वार्टर सोडायचं, पण बाबांनी राहावं, कारण त्यांचा केक साहेबांना सोडवत नव्हता. आई आणि मी टोल्यावर गेलो. फुलवंताबाईनं आम्हाला गोठ्याच्या पडवीत जागा दिली. घरात घ्यायची तिची छाती नव्हती, आणि घेतल्यावाचून राहायचीही नव्हती. बैलांच्या श्वासात झोपायचो. सकाळी ती वरून चहा ओतायची, पण दूध जास्त घालायची.

थोड्याच दिवसांनी भागरताला कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ, ऊन पडलेलं, बाहेर धान हिरवंगार. आईजवळ होते ते दोन हात, उकळलेलं पाणी, उकळलेला दोरा आणि नवं पातं. बाबांना निरोप गेला तसे बाबा आले, भर दिवसा, डोक्यावर डेगची, डेगचीत मिशनची बॅग, बॅगेवर पत्ताकोबी. बंगल्याच्या फाटकावर त्यांनी साहेबांना सलाम केला होता म्हणे, कोबी सांभाळत. आयुष्यभर ज्या माणसानं एक चमचा इकडचा तिकडं केला नव्हता त्यानं बॅग चोरून आणली. आईनं ती उघडली. साबण, कात्री, बोळे, जर्मनचा पेलासुद्धा. सुई नव्हती. सुई कपाटात, किल्ली साहेबांच्या खिशात.

मूल आडवंच होतं. आईनं ते त्या मोठ्या हातांनी फिरवलं. भागरता गोंडीत शिव्या देत होती, आई मराठीत "हो, हो, बरोबर आहे तुझं" म्हणत होती. पोरगी जन्मली, रडली, आणि बाहेर तिचा बाप पहिल्यांदा खाली बसला. मग रक्त सुरू झालं. आईनं एका हातानं पोट दाबून धरलं, दुसऱ्या हाताची मूठ आतून आवळून धरली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "एस्तेर. पळ."

मी पळाले. बांधांवरून, चिखलातून, दोन कोस. बंगल्यावर पोचले तेव्हा साहेब जेवून उठले होते. मी सांगितलं. ओरडून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "राहेल आता मिशनची नाही. मिशनची सुई तिच्या हाती देता येत नाही. बाईला इथं घेऊन या, आम्ही नाकारणार नाही."

"गाडी द्या मग!"

"गाडी धान्य आणायला गेली आहे."

मी त्यांना काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही, आणि माझ्या आयुष्यात छापण्यासारखं नाही असं फार थोडं आहे. मिससाहेब दारात उभ्या होत्या. मी त्यांनाही सोडलं नाही. मग रिकाम्या हातानं परत पळत सुटले.

पोचले तेव्हा आईची मूठ तशीच आवळलेली होती, पण ती आता कोणासाठी आवळलेली नव्हती. भागरताचा चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा झाला होता. फुलवंताबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, गोंड बाईचं डोकं, पोवारणीच्या मांडीवर, आणि त्यावर कोणी काही बोलत नव्हतं.

ऊन कलताना बांधावरून मिससाहेब येताना दिसल्या. एकट्या, पायी, झग्याचा घोळ गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, रुमालात सुई. साहेबांना त्यांनी कसं पटवलं, की न विचारताच कपाट फोडलं, हे मला आजवर कळलं नाही. त्या दारात थांबल्या, आत पाहिलं आणि रुमाल पुढं केला. आईनं तो घेतला नाही.

"ठेवा, मिससाहेब," ती म्हणाली. "पुढच्या बाईला लागेल."

मिससाहेब तिथं चिखलातच बसल्या. फुलवंताबाईनं त्यांना पाणी दिलं. गोऱ्या बाईलाही वरूनच ओतलं, एवढी समता टोल्यात होती.

भागरताची पोरगी जगली. आज तिला नातवंडं आहेत. मी भेटले की आधी तंबाखू मागते, मग ख्यालीखुशाली विचारते. आई पुढं बरीच वर्षं पायीच फिरली, स्वतःची पिशवी घेऊन, मिळेल तिथून सुया मागत, भांडत, उधार आणत. ती शेवटपर्यंत येशूची होती, मिशनची नव्हती. मला ह्यातलं फक्त दुसरं जमलं.

दुसऱ्या साली पोळा झाला, मारबत निघाली. पोरं कुठून तरी शिकून आली होती, ती ओरडायला लागली, "पाद्रीसाहेबाले घेऊन जाय गे मारबत!" बाया हसल्या, मी तर पोरांना आणखी शब्द पुरवत होते. आई पुढं झाली आणि पोरांना गप्प केलं. "साहेब गेला तर दुसरा साहेब येतो," ती म्हणाली. मग स्वतःच, त्या लहानशा अंगातून निघेल असं वाटलं नव्हतं अशा आवाजात ओरडली, "कुलूप घेऊन जाय गे मारबत!"

टोल्यानं ते उचललं. अजूनही तिथं काही म्हातारे तसं ओरडतात, पोरं विचारतात कोणतं कुलूप, आणि कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मी सांगितलं.

आता तुम्ही. वाचून हळहळू नका, माझ्या आईला थोर म्हणू नका, त्यानं कोणाचं रक्त थांबत नाही. आज उठा, तुमच्या गावच्या दवाखान्यात जा, सरकारी असो की धर्मादाय, आणि तिथं जो बसला असेल त्याला विचारा: रक्त थांबवायची सुई कुठं आहे, कोणत्या कपाटात आहे, आणि ह्या घडीला त्या कपाटाची किल्ली कोणाच्या खिशात आहे? "साहेब आल्यावर" असं उत्तर मिळालं, तर तिथंच बसा. कपाट उघडेपर्यंत उठू नका.